कुणाची लढाई, कुणाचा शिपाई

वसईचा किल्ला म्हटलं की चिमाजी अप्पा आठवतात. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी इथे शरणागती पत्करली, त्यांच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळादेवळांत गेल्या, आणि तो विजय मराठी मुलखाने आजवर मिरवला. त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी याच वसईत एक कागद झाला. तो मिरवण्याजोगा नव्हता, म्हणून त्याची आठवण शाळेतल्या इतिहासाच्या पेपरापुरती उरली.

१८०२ ची दिवाळी. २५ ऑक्टोबरला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. पेशवा दुसरा बाजीराव पुणं सोडून सिंहगड, महाड, हर्णै असा पळत सुटला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून वसईला उतरला. ३१ डिसेंबरला तह झाला. सहा हजारांहून कमी नाही एवढं कंपनीचं पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायमचं ठेवायचं, त्याच्या खर्चापोटी वर्षाला २६ लाखांचं उत्पन्न देणारा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांशी वैर असलेल्या कुणाही युरोपियनाला नोकरीत ठेवायचं नाही आणि इतर दरबारांशी बोलणी कंपनीला विचारूनच करायची. तैनाती फौज म्हणतात ती हीच.

त्या फौजेत हुकूम देणारे गोरे होते. बंदुका धरणारे बहुतेक मद्रास आणि मुंबई इलाख्यातले देशी शिपाई होते. वर्ष संपायच्या आत, २३ सप्टेंबर १८०३ ला, असईच्या रणात असेच देशी शिपाई आर्थर वेलस्लीच्या हुकमाने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेवर चालून गेले. लढाई कुणाची, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. महिन्याचा पगार वेळेवर मिळत होता. त्या काळातल्या दरबारी फौजांत ही चैनच होती, तिथे पगार थकणं हा रिवाज होता.

गंमत अशी, की या युद्धात 'आपल्या माणसांविरुद्ध लढणार नाही' असं ठामपणे म्हणाले ते शिंदे-होळकरांच्या पदरचे इंग्रज अधिकारी. कंपनीने ऑगस्ट १८०३ मध्ये जाहीरनामा काढला: शत्रूची नोकरी सोडून या, पगार आम्ही देतो. शिंद्यांचे बरेच अधिकारी निघून गेले. होळकरांकडच्या तिघांनी कंपनीवर चालून जायला नकार दिला, तेव्हा यशवंतरावांनी त्यांची डोकी उडवली. ज्यांच्या पाठीशी उभं राहणारं सरकार होतं त्यांना नकार परवडला. ज्यांच्यामागे घरची चूल एवढीच होती, ते लढले.

अन्यायाच्या वाटणाऱ्या लढाईत लोक का जातात आणि नाही कधी म्हणतात, हा प्रश्न जगभर विचारला जातो. मराठी माणसाने त्याची उत्तरं वसईच्या तहापासून पुढच्या दीडशे वर्षांत देऊन ठेवली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

अट घालणारा आणि अट न घालणारा

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा-चौदा लाख माणसं सरकारी चाकरीत गेली. त्यातली चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परतली नाहीत. मराठा पलटणींच्या वाट्याला आलं मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी कुत अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असे पाच महिने तो वेढा चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे मारायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. देशी शिपायांनी हात लावला नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानग्या मागवल्या, तरी पुष्कळांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत उपास काढले, स्कर्व्हीने हिरड्या सडू दिल्या. तुर्कांशी आपलं भांडण काय, हे या शिपायांनी वरिष्ठांना विचारल्याची नोंद नाही. ताटात काय वाढायचं यावर मात्र ते अडून बसले. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तीस वर्षांनी मुंबईत हेच ताट पुन्हा मध्ये येणार होतं.

१९१८ साली सरकारला आणखी माणसं हवी होती. एप्रिलअखेर दिल्लीत व्हाइसरॉयने युद्ध परिषद बोलावली, १० जूनला मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी प्रांतिक परिषद भरवली. टिळक बोलायला उभे राहिले. राजनिष्ठेची दोन वाक्यं झाली, आणि स्वराज्याशिवाय घरच्या संरक्षणाला अर्थ नाही असा सूर लागताच गव्हर्नरांनी त्यांना थांबवलं. टिळक आणि न. चिं. केळकर सभा सोडून गेले.

टिळकांचा सैनिकभरतीला विरोध नव्हता, त्यांची अट होती. हिंदी माणसाला फौजेत अधिकाराच्या जागा द्या, मग माणसं मिळतील. महाराष्ट्रातून पाच हजार जवान देईन, न दिल्यास दंड म्हणून हे घ्या, असं म्हणून त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा चेक पाठवला. गांधीजींनी तो परत केला. मदत करायची तर सौदा न करता करावी, हे त्यांचं म्हणणं.

विनाअट मदतीसाठी गांधीजी स्वतः गुजरातेत खेडा जिल्ह्यात भरतीच्या कामाला लागले. तिथे जे झालं ते त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. काही महिन्यांपूर्वी शेतसाऱ्याच्या सत्याग्रहात ज्या गावांनी बैलगाड्या फुकट दिल्या, त्या गावांत आता भाड्यानेही गाडी मिळेना. एक स्वयंसेवक हवा तिथे पूर्वी दोन मिळत, आता एकही मिळेना. लोक विचारत: अहिंसा सांगणारा माणूस हत्यार घ्यायला कसं सांगतो? या सरकारने आमचं काय भलं केलं? मैलोन् मैल पायी चालून गांधीजी अखेर आजारी पडले.

नेत्यांपैकी एकाने सौदा मांडला, दुसऱ्याने उपकार मांडला. खेड्याच्या शेतकऱ्याने दोन्ही तोलून पाहिलं आणि गाडीला बैल जुंपलेच नाहीत. लोकमत म्हणतात ते असं, ठरावाशिवाय व्यक्त होणारं.

ना एक पाई, ना एक भाई

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. एकाही निवडून आलेल्या माणसाला विचारलं नाही. काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं बाहेर पडली. मुंबईत बाळासाहेब खेरांनीही राजीनामा दिला.

पुढच्या वर्षी १७ ऑक्टोबर १९४० ला वर्ध्याजवळच्या पवनारमध्ये विनोबा भावे उभे राहिले आणि या युद्धाला माणूस किंवा पैसा देऊन मदत करणं चूक आहे, असं भाषण त्यांनी केलं. वैयक्तिक सत्याग्रहातले ते पहिले सत्याग्रही. चार दिवसांनी देवळीला त्यांना अटक झाली. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल नेहरू होते. सत्याग्रहाची पद्धत अशी, की सत्याग्रह्याने आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं: अमुक दिवशी, अमुक गावी, मी युद्धाविरुद्ध बोलणार. पकडलं तर तुरुंग. नाही पकडलं तर बोलत बोलत दिल्लीच्या वाटेला लागायचं. 'ना एक पाई, ना एक भाई' ही घोषणा तेव्हाची. वर्षभरात वीस हजारांहून जास्त माणसं या एका वाक्यासाठी तुरुंगात गेली.

त्याच वर्षांत, त्याच गावांतून, भरतीच्या रांगा लागत होत्या. १९३९ मध्ये दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. सक्तीची भरती नव्हती. सगळे 'स्वखुशीने' आले. जगातली सर्वांत मोठी स्वयंसेवी फौज असा तिचा गौरव आजही होतो. त्या खुशीत दुष्काळ किती होता, कर्ज किती होतं आणि पोटभर जेवणाची जाहिरात किती होती, याचा हिशेब गौरव करणारे मांडत नाहीत.

पोटाचं कारण खरं असलं तरी ते एकटं नव्हतं. सावरकर हिंदूंच्या सैनिकीकरणासाठी भरतीचा प्रचार करत होते. त्यांच्या मते हत्यार हाती येणं हेच मोल, लढाई कुणाची हा प्रश्न नंतरचा. मानवेंद्रनाथ रॉय यांना फॅसिझमचा पराभव पहिला वाटत होता. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कारण सर्वांत वेगळं होतं.

महार शिपायांनी कंपनीच्या फौजेत पिढ्यान्पिढ्या नोकरी केली होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतही ते होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'चं खूळ निघालं आणि त्यांची भरती बंद झाली. गोपाळबुवा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांमागून अर्ज केले. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरल्यावर, १९२१ मध्ये, मोडली. सुभेदार रामजींच्या मुलाला, म्हणजे बाबासाहेबांना, या अपमानाचा इतिहास पुस्तकात वाचावा लागला नव्हता. बाबासाहेब १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ज्याला गावात विहिरीवर उभं राहू देत नाहीत, त्याने सरकारी वर्दीत गावात येणं ही वेगळीच लढाई होती. तिच्यापुढे ब्रिटिशांचं युद्ध न्याय्य की अन्याय्य, हा प्रश्न त्याला दुय्यम वाटला, तर त्याला दोष देण्याचा अधिकार निदान त्या गावाला नव्हता.

म्हणून त्या काळाबद्दल 'लोकांचा युद्धाला पाठिंबा होता की विरोध' असं विचारलं तर उत्तर सापडत नाही. एकाच आळीतला थोरला तुरुंगात आणि धाकटा पलटणीत, आणि दोघांना आपण बरोबर आहोत याची खात्री.

वसई आज ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तो तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या कचेरीवर मोर्चा निघाला. गोळीबारात काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तिवारी, रामचंद्र चुरी आणि सुकुर मोरे हे पाच जण पडले. पालघरच्या पाचबत्ती भागातला हुतात्मा स्तंभ त्यांचा. 'नाही' म्हणण्याची किंमत इथल्या किनाऱ्याने रोख मोजली आहे.

सुराबायातली मराठा कंपनी

महायुद्ध संपलं, पण हिंदी फौज घरी आली नाही. १७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. डच तिथे पुन्हा राज्य करायला निघाले होते आणि त्यांच्याकडे फौज नव्हती. जपान्यांची शरणागती घ्यायची, छावण्यांतले कैदी सोडवायचे, असं काम सांगून ब्रिटिशांनी हिंदी पलटणी जावा बेटावर उतरवल्या. वसाहत परत मिळवायची डचांनी, हुकूम ब्रिटिशांचा आणि माणसं आपली. वसईच्या तहातली वाटणी सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही तशीच होती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ४९ वी हिंदी ब्रिगेड सुराबाया बंदरात उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. शहरातल्या तांबड्या पुलाजवळ 'इंटरनॅशिओ' नावाच्या व्यापारी कंपनीची भक्कम इमारत आहे. तिथे सहाव्या मराठा बटालियनची एक कंपनी मेजर वेणू गोपाल यांच्या हाताखाली ठाण मांडून होती. २८ ऑक्टोबरला शहर उठलं. ब्रिगेडच्या विखुरलेल्या चौक्यांवर हजारोंचा जमाव चालून आला. तात्पुरता तह झाला आणि ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी शस्त्रसंधी सांगत गाडीतून फिरत या इमारतीसमोर आले. बाहेर संतापलेला जमाव, आत अडकलेली कंपनी. आतून गोळीबार झाला, अंधार पडल्यावर मॅलबी गाडीतच मारले गेले. १० नोव्हेंबरला पाचव्या हिंदी डिव्हिजनने रणगाडे, विमानं आणि युद्धनौकांच्या तोफांसह शहरावर हल्ला केला. इंडोनेशिया तो दिवस आजही वीरदिन म्हणून पाळतो. त्यांच्या वीरगाथेत शत्रूच्या बाजूला जी माणसं आहेत, त्यांतली काही सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची असणार, हे आपल्याकडे क्वचितच कुणी बोलतं.

सांगली-साताऱ्याच्या पोराने सुराबायात काय विचार केला असेल? ज्यांच्यावर बंदूक रोखली त्यांच्या भिंतींवर स्वातंत्र्याच्या घोषणा रंगवलेल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या गावातही तशाच होत्या. शेकडो हिंदी शिपाई, विशेषतः मुसलमान शिपाई, पलटण सोडून इंडोनेशियन बाजूला गेले. बहुसंख्य गेले नाहीत. आजूबाजूला परका देश, परतीचं जहाज सरकारचं, शेजारी कालच पडलेला सोबती. तिथे लढाई न्याय्य आहे का हा विचार बाजूला पडतो, सोबत्याला सोडायचं कसं हा विचार पुढे येतो. जगातल्या कुठल्याही फौजेत माणूस शेवटी लढतो तो बहुधा याच कारणाने.

जे तिथे नव्हते त्यांना बोलता आलं. नेहरूंनी हिंदी फौज इंडोनेशियात वापरण्याचा जाहीर निषेध केला. देशात दक्षिण-पूर्व आशिया दिन पाळला गेला. ऑस्ट्रेलियातल्या बंदरांत डच जहाजांवर बहिष्कार पडला, तेव्हा जहाजांवरचे हिंदी खलाशीही त्यात उतरले. जावाकडे शस्त्रं नेणार नाही, म्हणत त्यांनी नोकरीवर लाथ मारली. योरिस इव्हेन्स या दिग्दर्शकाने त्यावर केलेल्या माहितीपटात हे खलाशी दिसतात.

तलवारवरची डाळ

हिंदी नौदल युद्धकाळात दोन हजारांच्या आसपासवरून तीस हजारांच्या घरात गेलं. नवी पोरं मॅट्रिकपर्यंत शिकलेली, तारायंत्रं आणि रडार चालवणारी, वर्तमानपत्र वाचणारी होती. भरतीच्या पोस्टरांवर समुद्र, सन्मान आणि नोकरीचं भविष्य होतं. प्रत्यक्षात गोऱ्या नाविकाच्या मानाने तुटपुंजा पगार, पाणीदार डाळ, खडे असलेला भात आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या. युद्ध संपल्यावर तर 'आता घरी जा' एवढंच.

'तलवार' हे कुलाब्यातलं संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र. १ डिसेंबर १९४५ ला तिथे नौदल दिनानिमित्त पाहुण्यांसाठी सजावट व्हायची होती. सकाळी भिंतींवर 'जय हिंद' आणि 'भारत छोडो' रंगवलेलं दिसलं. फेब्रुवारीत सरसेनापती ऑकिनलेक यांची भेट होती, तेव्हा पुन्हा तेच. या वेळी बलाईचंद्र दत्त हा तरुण तारायंत्री पकडला गेला. केंद्राचा प्रमुख कमांडर किंग नाविकांना कुली आणि जंगली यांची पोरं म्हणाला. नाविकांनी रीतसर तक्रारी केल्या. त्यांना उलट दटावलं गेलं.

१८ फेब्रुवारी १९४६ ला सकाळी नाविकांनी जेवणाला हात लावला नाही. जेवण नाही तर काम नाही, ही पहिली घोषणा. दुसऱ्या दिवशी बंदरातली जहाजं सामील झाली. युनियन जॅक उतरले, डोलकाठ्यांवर काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तिन्ही झेंडे चढले. मध्यवर्ती संप समिती बसली. एम. एस. खान अध्यक्ष, मदन सिंग उपाध्यक्ष. पाहता पाहता ७८ जहाजं, २० किनारी केंद्रं आणि सुमारे वीस हजार नाविक संपात उतरले.

त्यांच्या मागण्यांची यादी हा मराठी वाचकाने एकदा तरी नीट वाचावा असा कागद आहे. चांगलं जेवण द्या. गोऱ्या नाविकांइतका पगार आणि भत्ता द्या. किंगवर कारवाई करा. नोकरी संपलेल्यांना लवकर मोकळं करा. याच यादीत, याच दमात: आझाद हिंद फौजेचे आणि इतर राजबंदी सोडा, आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा. डाळीची तक्रार आणि जावा बेटाचा प्रश्न एका कागदावर आले. काही इतिहासकार यात बाहेरच्या राजकारण्यांचा हात शोधतात, काही जण 'मूळ भांडण जेवणाचंच' म्हणून हसतात. दोघांना नाविक कळलेला नाही. ज्याने ताटात दुजाभाव रोज पाहिला, त्याला दूरच्या बेटावरचा दुजाभाव ओळखायला कुणा पुढाऱ्याची गरज पडत नाही. कुतच्या शिपायाने घोड्याचं मांस नाकारलं तेव्हा तो एकटा होता आणि नकार ताटापाशीच थांबला. १९४६ च्या नाविकाला वर्तमानपत्र मिळालं होतं, रेडिओ मिळाला होता, आझाद हिंद फौजेवरच्या लाल किल्ल्यातल्या खटल्यात भुलाभाई देसाई गुलाम राष्ट्राच्या शिपायाच्या हक्काबद्दल काय बोलले ते ठाऊक होतं. म्हणून त्याचा नकार ताटावरून उठून सुराबायापर्यंत पोचला.

२१ फेब्रुवारीला फोर्टातल्या कॅसल बराकीत लढाई जुंपली. बराकीभोवती पहाऱ्याला मराठा पलटणीचे जवान उभे केले होते. पुढे गोऱ्या तुकड्या आणल्या. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून धमकी दिली, की नौदल नष्ट झालं तरी चालेल. २२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवर मुंबई बंद झाली. गिरण्या थांबल्या, लालबाग-परळच्या रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. विरारपर्यंत १९३६ पासून विजेवरची लोकल होती आणि वसई-विरारचा भाजी, दूध, मासळी आणि चाकरमानी मुंबईशी त्या रुळांनी बांधलेला होता. शहर पेटलं की इथल्या फलाटावर कळत असे. लष्कराने चिलखती गाड्यांतून गोळ्या झाडल्या. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती पडली. सरकारी आकड्यानुसार दोन दिवसांत २२८ माणसं मेली, हजारांवर जखमी झाली. मेलेले बहुतेक नाविक नव्हते. नाविकांसाठी रस्त्यावर उतरलेले मुंबईकर होते.

२३ तारखेला वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्याने, सूड घेतला जाणार नाही या भरवशावर, नाविकांनी शस्त्रं ठेवली. पटेलांचा विचार स्पष्ट होता. फौजेची शिस्त मोडू द्यायची नाही. उद्या स्वतंत्र हिंदुस्थानालाही फौज लागणार आहे. समाजवादी नेत्या अरुणा असफ अलींना हे पटलं नाही. आज मागे वळून पाहताना दोघांचंही म्हणणं समजून घ्यावं लागतं, कारण आपण पटेलांच्या त्या निर्णयाच्या देशातच राहतो.

नकाराचा हिशेब

संपानंतर ४७६ नाविक कमी केले गेले. स्वातंत्र्य आलं, नौदलाच्या टोपीवरचं चिन्ह बदललं, तरी त्यांना परत घेतलं नाही. पुढे कित्येक वर्षांनी स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी त्यांचा लढा मान्य झाला, कुलाब्याला स्मारक झालं, नौदलाने दोन टगना दत्त आणि मदन सिंग यांची नावं दिली. सन्मान मिळाला. नोकरी मिळाली नाही. ब्रिटिश हुकूम नाकारणारा शिपाई आपल्याला इतिहासात हवा असतो, हजेरीपटावर नको असतो.

वसई सोडून गेलेले पोर्तुगीज गोव्यात आणखी २२२ वर्षं राहिले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौज गोव्यात शिरणार हे स्पष्ट झालं, तेव्हा लिस्बनहून सालाझार यांनी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना तार केली: शेवटच्या माणसापर्यंत लढा, युद्धकैदी होऊ नका. व्हासालोंकडे जेमतेम साडेतीन हजार माणसं होती. त्यांना मरणाला लावून निकाल बदलणार नव्हता. १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती लिहून दिली. तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक जिवंत घरी गेले. मायदेशात व्हासालोंची बडतर्फी झाली. १९७४ मध्ये लष्करातल्या कॅप्टनांनीच पोर्तुगालमधली हुकूमशाही उलथवली. आफ्रिकेतल्या वसाहती राखण्याच्या युद्धाला ते कंटाळले होते, आणि त्या युद्धाची सक्ती चुकवायला हजारो पोर्तुगीज तरुण फ्रान्सला पळाले होते. त्या क्रांतीनंतर व्हासालोंना हुद्दा परत मिळाला. हुकूम मोडणाऱ्या आपल्या माणसाला पोर्तुगालने तेरा वर्षांत हुद्द्यावर परत घेतलं. आपल्या नाविकांच्या वाट्याला हे आलं नाही.

राजोडीच्या किनाऱ्यावर

२०१५ मध्ये विन-गॅलप इंटरनॅशनल या संस्थेने ६४ देशांत विचारलं: तुमचा देश युद्धात उतरला तर तुम्ही लढाल का? जगभरात ६१ टक्के 'हो' म्हणाले. जपानमध्ये ११ टक्के, भारतात ७५. आपल्याकडे या आकड्याचा अभिमान वाटला. पण प्रश्नात युद्ध कसलं, कुणावर, कुणी ठरवलेलं, हे काहीच नव्हतं. टिळकांनी अशा प्रश्नाला अट जोडली असती, विनोबांनी प्रश्नच खोडला असता, आणि खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने गाडीला बैल जुंपले नसते. चौकटीत खूण करणाऱ्याला तेवढी जागा नसते.

शिवाय भारतात सक्तीची भरती नाही. 'हो' म्हणणाऱ्या पंचाहत्तर जणांपैकी प्रत्यक्ष कोण जाणार, हे विरार-नालासोपाऱ्याकडे पाहिलं की कळतं. राजोडी, कळंब, अर्नाळ्याच्या वाळूत पहाटे पोरं धावतात. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, पायांत झिजलेले बूट. पोलीस भरती असो की लष्कराची, १६०० मीटरची धाव चुकत नाही. लष्करात साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पैकीच्या पैकी गुण. मग बीमवर पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा. जून २०२२ पासून अग्निपथ योजना आहे: चार वर्षं नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३० हजार, शेवटी सुमारे पावणेबारा लाखांची सेवानिधी आणि चारातला एक कायम. या पोरांच्या बोलण्यात कट ऑफ असतो, उंची असते, वयाची मर्यादा असते. न्याय्य युद्धाची चर्चा नसते आणि ती त्यांनी करावी अशी अपेक्षाही चूक आहे. पहाटे पाचला सोळाशे मीटर धावणाऱ्याने देशाचं परराष्ट्र धोरणही तपासावं, हे कुठल्या न्यायात बसतं?

नोकरीची भूक किती लांब नेते, याचा ताजा दाखला रशियाचा आहे. मदतनीस, सुरक्षारक्षक अशी कामं सांगून दलालांनी भारतीय तरुणांना तिकडे पाठवलं आणि ते युक्रेनच्या आघाडीवर पोचले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने मुंबईसह अनेक शहरांत छापे घातले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलेला आकडा १२६ जणांचा होता. त्यांतले ९६ परतले, १२ मेले, १६ बेपत्ता. युक्रेनशी यांचं भांडण काय होतं? कुतमधल्या मराठ्यांचं तुर्कांशी होतं तेवढंच. आणि ज्या रशियाची ही लढाई, तिथे सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाखांची भरती जाहीर होताच ज्यांच्याकडे पैसे आणि पासपोर्ट होते ते जॉर्जिया आणि कझाकस्तानच्या सीमेवर रांगा लावून उभे राहिले. नाकारायलाही ऐपत लागते.

अमेरिकेत महंमद अलींनी १९६७ मध्ये व्हिएतनामला जायला नकार दिला, तेव्हा त्यांचा किताब गेला. चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, आणि १९७३ मध्ये तिथली सक्तीची भरतीच थांबली. सक्ती उठली म्हणून अमेरिकेची युद्धं थांबली नाहीत. उलट ती लढायला गरीब वस्त्यांतली मुलं गेली आणि बाकीच्या घरांत युद्ध टीव्हीवर दिसू लागलं. सक्तीच्या भरतीत निदान प्रत्येक घराला लढाईचा न्याय तपासावा लागत होता. स्वयंसेवी फौजेत ती तपासणी कुणाचंच काम राहत नाही.

आपल्या लष्करी कायद्यात सदसद्विवेकाच्या कारणावरून एखादी मोहीम नाकारण्याची तरतूद नाही. १९५० च्या लष्करी कायद्यात शिपायाने पाळायचा तो कायदेशीर हुकूम, एवढीच मर्यादा आहे; मोडल्यास तुरुंग, बंडाला मृत्युदंडापर्यंत शिक्षा. पटेलांना हवी होती ती शिस्त ती हीच, आणि तिच्यामुळे शेजारच्या देशांसारखी लष्करी राजवट आपल्याकडे आली नाही, हेही खरं. म्हणजे शिपायाने एकदा, भरतीच्या दिवशी, सही करायची, आणि पुढच्या प्रत्येक लढाईचा न्याय ठरवण्याचं काम ज्यांनी सही केली नाही त्यांच्याकडे सोपवायचं. लोकशाहीतल्या फौजेचा हा करार आहे. शिपाई त्याच्या बाजूने तो पाळतो. आपली बाजू पाळायची तर युद्धाच्या गोष्टी निघतात तेव्हाच संसदेत, वर्तमानपत्रांत आणि नाक्यावर विचारावं लागेल, की ही लढाई कशासाठी, कुणाच्या सल्ल्याने आणि किती माणसांच्या मोलावर. असं विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणायची सवय अलीकडे लागली आहे. राजोडीच्या वाळूत धावणाऱ्या पोरांच्या वतीने हा प्रश्न विचारायला दुसरं कुणी उरत नाही.